फुकटातली लॅब

दोन उपग्रहचित्रं डोळ्यासमोर आणा. डावीकडे मध्य आशियातलं खारं सरोवर, म्हणजे अरल समुद्र, १९७० च्या दशकातला, उजवीकडे तोच समुद्र चाळीसेक वर्षांनंतरचा, आणि त्यात पाणी अक्षरशः शोधावं लागतंय. अमू दर्या आणि सिर दर्या ह्या दोन नद्यांचं पाणी १९६० च्या दशकात कापसाच्या शेतीकडे वळवायला सुरुवात झाली, मग समुद्रापर्यंत पोचायला फारसं काही उरलंच नाही.

आता अशी चित्रं मिळवायला वैज्ञानिक असावं लागत नाही, हायस्कूलमधलं पोरगंसुद्धा फुकटात मिळवू शकतं, आणि अशी फुकट साधनं बरीच आहेत. पृथ्वीची चित्रं घेणाऱ्या लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ मध्ये वर गेला, पण पुढे कित्येक वर्षं त्याचं एकेक चित्र शेकडो डॉलर मोजून घ्यावं लागायचं, २००८ मध्ये तो सगळा साठा खुला झाला आणि तिथून खरा खेळ बदलला. १९८२ नंतरच्या बहुतेक चित्रांत एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३० बाय ३० मीटरचा चौकोन. पाणी इन्फ्रारेड प्रकाश शोषून घेतं म्हणून त्या पट्ट्यात ते काळं दिसतं. काळे ठिपके मोजा, ९०० ने गुणा, झालं, तलावाचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये. मोजायचं काम पायथॉन ह्या प्रोग्रामिंग भाषेतल्या पाच-दहा ओळी करतात, आणि गुगल कोलॅब ह्या साइटवर त्या ब्राउझरमधूनच चालतात, काही इन्स्टॉल करायची कटकट नाही.

पायथॉन येत नाही? हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा ऑनलाइन संगणक-कोर्स आहे, फुकट, सर्टिफिकेटही फुकट देतात. (अवघड आहे हां, पहिल्याच आठवड्यात डोकं धरून बसायची तयारी ठेवा.) सगळीकडे असं नसतं. एडएक्स ह्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर बऱ्याच कोर्सचे व्हिडिओ फुकट बघता येतात पण सर्टिफिकेटला पैसे पडतात, आणि फुकटवाल्यांना कोर्स ठरावीक दिवसच उघडा असतो, हे आधी वाचून घ्या नाहीतर अर्ध्यात दार बंद. हवामान बदलासाठी संयुक्त राष्ट्रांचं यूएन सीसी लर्न आहे, आपल्या वेगाने करायचं, पैसे नाहीत.

पण नुसते व्हिडिओ बघून काय होतं, खरं सांगायचं तर फारसं काही नाही. आम्हाला जास्त आवडलं ते एन-रोड्स. हा एमआयटीच्या स्लोन मॅनेजमेंट स्कूलने आणि क्लायमेट इंटरॅक्टिव्ह ह्या संस्थेने बनवलेला हवामान बदलाचा सिम्युलेटर, स्क्रीनवर भरपूर स्लायडर, कोळशावर कर, घरांचं इन्सुलेशन, झाडं लावणं असं काय काय. बहुतेक पोरं आधी झाडांचा स्लायडर पार टोकाला नेतात, आणि तापमानाचा आकडा जेमतेम हलतो. झाडं मोठी व्हायलाच किती वर्षं लागतात. मग पोरं आपोआप कोळशाकडे वळतात, कुणी भाषण द्यायची गरज पडत नाही.

टीममध्ये काम करायचं असेल तर मुलींसाठी टेक्नोव्हेशन ही स्पर्धा आहे, वय ८ ते १८, आपल्या भागातला एक प्रश्न घ्यायचा आणि त्यावर अ‍ॅप बनवायचं. फी नाही.

आणि ग्लोब, म्हणजे शाळांनी आणि सामान्य लोकांनी पर्यावरणाची निरीक्षणं नोंदवायचा कार्यक्रम. १९९५ पासून चालू आहे, शंभरहून जास्त देशांत. ग्लोब ऑब्झर्व्हर अ‍ॅप उघडायचं, आकाशाचा फोटो काढायचा, ढग कुठल्या प्रकारचे आणि आभाळ किती झाकलंय ते नोंदवायचं. वरून बघणाऱ्या उपग्रहाला उंच ढगांच्या खालचे ढग नीट दिसत नाहीत, ते जमिनीवरून तुम्हीच बघू शकता. उपग्रह त्याच वेळी डोक्यावर असेल तर नासाकडून मेल येतो, तुम्ही काय पाहिलं आणि त्याने काय पाहिलं, शेजारी शेजारी.

गंमत म्हणजे तलाव मोजणाऱ्याला हेच ढग नको असतात. ढगाखालचा ठिपका मोजता येत नाही, तो गाळावा लागतो, आणि ढगाची सावली तर चक्क पाण्यासारखी काळी दिसते. लँडसॅट ८ आणि ९ मिळून एका जागेवरून दर आठ दिवसांनी जातात. म्हणजे हे चित्र वाया गेलं तर पुढच्या फेरीची वाट बघायची, तोवर मागच्या चित्रातल्या सावल्या वेगळ्या काढत बसायचं.