शाळा सोडल्याचे कारण

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावच्या हायस्कुलांचे सुवर्णमहोत्सव, हीरकमहोत्सव होतात. मांडव पडतो, स्मरणिका निघते. तिच्यात पुढाऱ्यांचे शुभसंदेश असतात, खतांच्या दुकानांच्या जाहिराती असतात आणि शाळेचा इतिहास उरलेल्या दीड पानात. तोसुद्धा बहुतेक संस्थापकांच्या गौरवाचा. माझं म्हणणं एवढंच, की इतिहास लिहायचा असेल तर आधी ऑफिसच्या कपाटातलं जनरल रजिस्टर काढा, म्हणजे प्रत्येक पोराची शाळेत दाखल होण्यापासून शाळा सोडेपर्यंतची नोंद असलेली ती मोठी वही.

थोडं मागं जाऊ. शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड! पण ही सोय प्राथमिकची. पुढं शिकायचं तर कोल्हापूर गाठायचं, बोर्डिंगात राहायचं. खेड्यात हायस्कूल आलं ते बहुतेक ठिकाणी स्वातंत्र्यानंतर. कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत, गारगोटीचं मौनी विद्यापीठ, बापूजी साळुंख्यांची विवेकानंद संस्था यांनी ती वाट रुंद केली. कितीतरी वर्ग देवळात, नाहीतर कुणाच्या तरी सोप्यात भरले.

आता रजिस्टर. मी ज्या लहानशा हायस्कुलात शिकवत होतो, तिथलं जुनं रजिस्टर उघडलं की जन्मतारखेच्या रकान्यात ओळीनं 1 जून, 1 जून, 1 जून. अख्खं गाव एकाच दिवशी जन्मलेलं! तारीख घरी कुणाला ठाऊक नसे, शाळा जूनमध्ये उघडे, गुरुजी लिहून मोकळे. त्या तारखेवर माणसं नोकरीला लागली आणि रिटायरही झाली.

पण खरा रकाना शेवटचा, ‘शाळा सोडल्याचे कारण’. मुलींच्या नावापुढं ‘लग्न’. मुलांच्या नावापुढं ‘सतत गैरहजर’. प्रवेशाची तारीख जूनची, नाव कमी झालं ते सुगीत. मग एका पानापासून ‘पूर्वीची शाळा’ या रकान्यात एकाच गावाचं नाव येऊ लागतं. ते गाव काळम्मावाडी धरणात गेलं. पुनर्वसनाची सरकारी कागदपत्रं जाडजूड असतात, पण कोणत्या घरातलं पोर कितवीत असताना उठून आलं, ते या रकान्यात सापडतं.

अलीकडं कुणबी नोंदी शोधायला लोकांनी ही रजिस्टरं धुंडाळली, तेव्हा कुठं त्यांच्यावरची धूळ उडाली. पण पानं ठिसूळ झालीत, कसर लागलीय. घडीवर बोट ठेवलं तरी तुकडा हातात येतो.

तेव्हा महोत्सव समितीच्या मंडळींनो, मांडवाच्या खर्चातून थोडे पैसे काढा आणि पानं स्कॅन करून घ्या. ‘लग्न’ असा शेरा असलेल्या आज्या अजून भेटतील, त्यांच्याकडं नववीच्या मुलींना वही घेऊन पाठवा. आणि स्मरणिकेत पानांचे फोटो छापाल तेव्हा जातीचा रकाना झाका.

नमस्कार.