ईलिंगचा हॉल आणि महालातली कंट्रोल रूम

(नागपुरातील एका वाचनालयाच्या सभागृहात एका जुन्या केबल व्यावसायिकाने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

१९९२ च्या उन्हाळ्यात नागपूरच्या महाल भागातल्या एका तीन मजली घराच्या गच्चीवर आम्ही बारा फुटी डिश चढवली. जाळीची होती. तुकडे जिन्याने वर नेले, वरच नटबोल्ट आवळले आणि तिचं तोंड आग्नेयेकडे केलं. तिकडे विषुववृत्तावर, साडेएकशेपाच अंश पूर्वेला, एशियासॅट-१ उपग्रह होता. हाँगकाँगहून स्टार टीव्ही त्याच्यावर पाच चॅनेल सोडत होतं. त्यातलं एक प्राइम स्पोर्ट्स. ना कोड, ना कार्ड. डिश नीट लागली की चित्र यायचं. त्या रात्री आमच्या कंट्रोल रूममध्ये, म्हणजे जिन्याखालच्या आठ बाय आठच्या खोलीत, वीसेक माणसं टेनिस पाहत उभी होती. त्यातल्या निम्म्यांना गुण कसे मोजतात तेही ठाऊक नव्हतं. पण परदेशातला सामना या क्षणी चालू आहे आणि तो आपण महालात बसून पाहतोय, हेच पुरेसं होतं.

आजचा विषय आहे पैसे घेऊन खेळ दाखवणारी नेटवर्कं एका देशातून दुसऱ्या देशात कशी पसरतात. मी तीस वर्षं हा माल घरोघरी पोचवला. म्हणून मला जे सांगायचं आहे, ते मी वायरीच्या बाजूने सांगणार.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. ही कंपनी काय विकते? सामना तिचा नसतो. मैदान तिचं नसतं, खेळाडू तिचे नसतात. तिच्याकडे असतो तो हक्क, आणि तोही मुदतीचा. अमुक लीगचे सामने, अमुक देशात, अमुक वर्षांपर्यंत. शेत दुसऱ्याचं, आपण ठेक्याने कसतो, आणि ठेक्याची मुदत संपली की पुन्हा बोली. विदर्भातल्या माणसाला हे जास्त समजावून सांगायला नको. सिग्नल मात्र वेस ओळखत नाही. एशियासॅटचा सिग्नल आखाताच्या बाजूपासून थेट पूर्व आशियापर्यंत पडायचा. हक्क देशागणिक विकायचे आणि सिग्नल सगळीकडे पडू द्यायचा, हे जमत नाही. म्हणून कुलूप आलं, म्हणजे सिग्नल कोडात बंद झाला. आमच्याकडे तो कोड उलगडणाऱ्या डिकोडरच्या पेट्या आल्या, दर घरामागे महिन्याचा दर आला आणि 'तुमची घरं किती' हा प्रश्न आला. घरं कमी सांगितली जायची. मीही सांगितली आहेत. ते चुकीचं होतं, आणि त्या चुकीची किंमत पुढे सगळ्या धंद्याने मोजली.

आता मी तुम्हाला लंडनला नेतो. या विषयात मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट तिथली आहे.

१९९० चा फुटबॉल वर्ल्ड कप इटलीत होता. २१ जूनला एकाच वेळी दोन सामने होते. इंग्लंड विरुद्ध इजिप्त आणि आयर्लंड विरुद्ध नेदरलँड्स. ब्रिटनच्या टीव्हीवर साहजिकच इंग्लंडचा सामना. पण लंडनमध्ये लाखो आयरिश माणसं राहत होती. बांधकामावर, इस्पितळांत, कार्यालयांत काम करणारी. त्यांचा देश पहिल्यांदाच वर्ल्ड कपला आलेला, आणि त्यांना त्यांचा सामना दिसणार नव्हता. तेव्हा मायकल ओ'रूर्क आणि लेनर्ड रायन या दोन आयरिश तरुणांनी ईलिंग भागातला एक डान्स हॉल घेतला, सामन्याचं थेट चित्र मिळवलं आणि दारावर पैसे घेऊन तो दाखवला. १-१ अशी बरोबरी झाली. खेळाच्या जगात सेटांटा नावाने जे नेटवर्क पुढे अनेक देशांत गेलं, त्याचा जन्म हा.

नावही बघा. आयरिश पुराणकथांतल्या एका महावीराचं ते बालपणीचं नाव. या पोराने हर्लिंगच्या काठीने चेंडू मारून एका भयंकर राखणदार कुत्र्याला लोळवलं, अशी कथा आहे. हर्लिंग म्हणजे हॉकीच्या जवळचा, पण कितीतरी जुना आणि दांडगा आयरिश खेळ. तो आणि गेलिक फुटबॉल, म्हणजे आयरिश लोकांचं स्वतःचं फुटबॉल, हेच या नेटवर्कचं पहिलं भांडवल. आयर्लंडबाहेर जिथे जिथे आयरिश माणूस पोट भरायला गेला, तिथल्या पबमध्ये उपग्रहावरून गावाकडचा सामना पोचवायचा. ब्रिटन, अमेरिका, मग ऑस्ट्रेलिया, कॅनडा. घराघरात नाही, पबमध्ये. माणसं तिथे आधीच जमलेली असत.

मला इथे थोडं थांबायचं आहे. नेटवर्क पसरतं म्हणजे नकाशावर रंग पसरतो असं आपल्याला वाटतं. सेटांटा तसं पसरलं नाही. माणसं आधी गेली, त्यांची ओढ गेली, आणि त्या ओढीच्या मागोमाग सिग्नल गेला. हर्लिंगवर बोली लावायला दुसरं कोणी उभं नव्हतं, म्हणून हक्क परवडत होते. आणि ज्यांना ते हवं होतं त्यांना दुसरा पर्याय नव्हता, म्हणून ते पैसे देत होते. असा धंदा लहान असतो, पण पायावर उभा असतो.

मग मोठा बाजार समोर आला. ब्रिटनमध्ये १९९२ पासून प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात मोठी फुटबॉल लीग, स्काय या डिश टीव्ही कंपनीच्या हातात होती. खेळ हा लोकांच्या घराचा दरवाजा फोडणारा ओंडका आहे, अशा अर्थाचं स्कायमागचे उद्योगपती रुपर्ट मरडॉक १९९६ साली उघड बोलले होते. किल्ल्याच्या दरवाजावर हत्ती घालायचे, तसं. फुटबॉलच्या जोरावर डिश घरात शिरली. पुढे युरोपियन कमिशनने आग्रह धरला की सगळे सामने एकाच कंपनीला देता येणार नाहीत. त्यामुळे २००६ च्या लिलावात सामन्यांचे सहा गठ्ठे झाले. चार स्कायने घेतले, दोन सेटांटाने. वर्षाला ४६ सामने, तीन हंगामांसाठी ३९ कोटी २० लाख पौंड.

मी केबलवाला आहे, मला हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. तीन वर्षांचे ३९ कोटी म्हणजे वर्षाला १३ कोटींच्या वर. शेवटी शेवटी त्यांचे ग्राहक होते सुमारे १२ लाख. महिन्याला दहा पौंड धरले, तर वर्षाला १४ कोटी ४० लाख. म्हणजे जवळपास सगळी कमाई एकट्या प्रीमियर लीगला गेली. अजून उपग्रहावरच्या ट्रान्सपाँडरचं भाडं द्यायचं आहे, पगार द्यायचे आहेत, स्कॉटिश लीगला, एफए कपला, इंग्लंडच्या सामन्यांना, गोल्फला पैसे द्यायचे आहेत. आपलं आयपीएलसुद्धा पहिली दोन वर्षं ब्रिटनमध्ये सेटांटाच दाखवत होतं. नफा-तोटा बरोबरीत यायला १९ लाख ग्राहक लागत होते, असं तेव्हा छापून आलं होतं. सात लाख घरं कमी पडली.

सप्टेंबर २००८ मध्ये झाग्रेबला इंग्लंडने क्रोएशियाला ४-१ हरवलं. थिओ वॉलकॉट या एकोणीस वर्षांच्या पोराची हॅट्ट्रिक. इंग्लंडच्या बहुसंख्य लोकांना ती थेट पाहायला मिळाली नाही, कारण सामना फक्त सेटांटावर होता. फार आरडाओरडा झाला. अठरा वर्षांपूर्वी दिसत नसलेला सामना दाखवायला जन्मलेलं नेटवर्क आता सामना न दिसण्याचं कारण झालं होतं. त्या माणसांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. एवढा महाग हक्क घेतला की कुलूप घट्ट करावंच लागतं.

फेब्रुवारी २००९ च्या लिलावात त्यांच्या हातात पुढच्या काळासाठी एकच गठ्ठा राहिला, २३ सामने. जगभर आर्थिक मंदी होती. जूनमध्ये प्रीमियर लीगला द्यायचा एक कोटी पौंडांचा हप्ता वेळेत गेला नाही. हक्क काढून घेतले, ते ईएसपीएनला मिळाले, आणि २३ जून २००९ ला ब्रिटनमधला सेटांटाचा कारभार दिवाळखोरीच्या प्रशासकांकडे गेला. शेकडो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. स्कॉटलंडच्या क्लबांनी तर येणाऱ्या पैशाच्या भरवशावर खेळाडूंशी करार केलेले. त्यांना घाईघाईने बऱ्याच कमी पैशांत दुसरा सौदा करावा लागला.

आयर्लंडमधलं सेटांटा मात्र टिकलं. तिथे हर्लिंग होतं, गेलिक फुटबॉल होतं. पुढे ते एका टेलिफोन कंपनीने घेतलं. कॅनडातलं दुसऱ्या नावाने चालू राहिलं, ऑस्ट्रेलियातलं २०१४ मध्ये कतारच्या बीइन या खेळ-नेटवर्कचं झालं. आज सेटांटा हे नाव जॉर्जिया, युक्रेन या बाजूला खेळ दाखवताना दिसतं. जॉर्जिया म्हटलं की आता नागपूरकराला बटुमी आठवतं. आपली दिव्या देशमुख २०२५ मध्ये तिथेच बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली.

कुलपाबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो. पोर्ट्समथ शहरात कॅरन मर्फी नावाच्या बाई पब चालवायच्या. स्कायचा पबचा दर त्यांना परवडेना. त्यांनी ग्रीसच्या टीव्ही कंपनीचं डिकोडर कार्ड आणलं आणि त्याच्यावर इंग्लंडचेच सामने स्वस्तात दाखवले. खटला भरला गेला. बाई हरत हरत थेट युरोपियन न्यायालयापर्यंत गेल्या. ऑक्टोबर २०११ मध्ये न्यायालय म्हणालं की युरोपच्या एका देशातलं कार्ड दुसऱ्या देशात वापरायला बंदी घालणं बाजाराच्या नियमात बसत नाही. पबमध्ये दाखवताना लीगचं चिन्ह, संगीत यांचे हक्क वेगळे राहतात, असंही म्हणालं. पुढच्या वर्षी लंडनच्या उच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली. चोरून सिग्नल घेणं मला मान्य नाही. पण त्या बाईंनी कार्डाचे पैसे भरले होते. ज्या दिवशी निकाल वाचला, त्या दिवशी मला माझ्या गिऱ्हाइकांची फार आठवण आली.

आमच्याकडेही असा एक दिवस येऊन गेला. एका मोठ्या अंतिम सामन्याच्या सकाळी एका वाहिनीने आमच्या भागाचा सिग्नल बंद केला. मी माझे पैसे वरच्या वितरकाला भरले होते, ते पुढे गेले नव्हते. दुपारपर्यंत माझ्या दारात दीडशे माणसं. 'भाऊ, आम्ही तर महिन्याचे देऊन राहिलो न?' एवढंच विचारत होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपल्या देशात हे सगळं कोर्टातूनच उगवलं. ३१ ऑक्टोबर १९८७ ला नागपूरच्या सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर चेतन शर्माची हॅट्ट्रिक आणि गावसकरांचं एकदिवसीय सामन्यातलं एकमेव शतक झालं, तेव्हा दूरदर्शनशिवाय दुसरं काही नव्हतं. १९९३ च्या हिरो कप या क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून भांडण झालं, आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. २००७ मध्ये कायदा आला. राष्ट्रीय महत्त्वाचे सामने खाजगी वाहिनीने दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यायचे, टीव्हीवरच्या जाहिरातींच्या कमाईतले ७५ टक्के वाहिनीला आणि २५ टक्के प्रसार भारतीला. मला हा कायदा मोलाचा वाटतो. माझ्या धंद्याला त्याने मदत केली नाही, तरी वाटतो. काटोलकडच्या शेतमजुराच्या घरी दूरदर्शनच्या फ्री डिशवर भारताचा सामना दिसतो, तो या कायद्यामुळे.

बाकी आकडे तुम्ही पेपरात वाचताच. आयपीएलचे हक्क २०१८ ते २०२२ साठी १६,३४७ कोटींना गेले, पुढच्या पाच वर्षांसाठी ४८,३९० कोटींना. त्यात टीव्ही एकाकडे आणि मोबाइल दुसऱ्याकडे गेला. मग २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ते दोघे एकच झाले. बोली लावणारे कमी झाले की खेळाला काय मिळतं, हे पुढच्या लिलावात कळेल.

मला काळजी वेगळीच आहे. एवढा पैसा एका खेळाच्या दोन महिन्यांत अडकला, की इतर सामन्यांसाठी कॅमेरा उरत नाही. उलटं उदाहरणही आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली आणि आपल्या मातीतला खेळ चांगल्या प्रकाशात, चांगल्या कॅमेऱ्याने दिसला. म्हणजे जमतं. पण कामठीचं काय? इथून सतरा-अठरा किलोमीटरवर फुटबॉलवेडं गाव. रब्बानी क्लबसारखा जुना क्लब. तिथले सामने आम्ही पूर्वी आमच्या लोकल चॅनेलवर दाखवायचो. एक कॅमेरा, रात्री कॅसेट मोटारसायकलवरून महालात आणायची, दुसऱ्या दिवशी दुपारी लावायची. 'पुन्हा लावा' म्हणून फोन यायचे. डिजिटल बॉक्स आले, खर्च बदलले, लोकल चॅनेल बंद पडलं.

गेल्या हिवाळ्यात तिथल्या दोन पोरांबरोबर मी मैदानावर गेलो. तिपाईवर एक मोबाइल, कॉलरला लावायचा एक माइक. सामना इंटरनेटवरून थेट सोडला. कोणाकडून हक्क विकत घ्यायचा प्रश्न नव्हता. क्लबच्या लोकांनीच पोरांना बोलावलं होतं. पाहणारे सुरुवातीला चाळीस, मग तीनशेच्या घरात. नावांवरून, निरोपांवरून कळत होतं की बरेच जण कुवेत, दम्माम, पुण्यातून पाहत आहेत. मध्यंतरानंतर एकाचा निरोप आला: 'भाऊ, कॅमेरा जरा डाव्या गोलकडे ठेवा न, तिकडे माझा लहाना भाऊ उभा आहे.'

पोरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिपाई उचलली आणि डावीकडे नेली.