हाताची रेस

(काळा पडदा. फक्त इंजिनाचा आवाज. मग हळूहळू उजाडतं.)

हा आवाज आधी नीट ऐकून घ्या.

सहा सिलिंडर, ५.९ लिटर. १९९६ सालचा डॉज रॅम पिकअप, आणि बॉनेटखाली कमिन्सचं बारा व्हॉल्व्हचं डिझेल इंजिन. सुरू होऊन वीस मिनिटं होऊन गेलीत. विंडस्क्रीनवरचा बर्फाचा पापुद्रा मात्र हललेला नाही. हीटरच्या जाळीसमोर धरलेला हा हात बघा, बोटं अजून आखडलेलीच. तापमानाचा काटा जिथून निघाला तिथेच घुटमळतोय.

इंजिन बिघडलेलं नाही. त्याच्याकडे काम नाही, एवढंच.

पेट्रोलचं इंजिन आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी ठेवून नुसतं चालू असताना, हवा मोजून घेतं. थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते, त्यामुळे आत हवाही थोडी आणि पेट्रोलही थोडं. वजनाने प्रमाण साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल. या डिझेलच्या वाटेत अशी झडपच नाही. ते दर वेळी छाती भरून हवा घेतं, बाहेर असेल तेवढी गार, आणि त्या हवेत पडतो डिझेलचा जेमतेम एक शिंतोडा. एका काडीवर हंडाभर पाणी तापवायला ठेवावं, तसं. वरून पाचशे किलोच्या घरातलं बिडाचं धूड. असेल नसेल ती ऊब तेच पिऊन टाकतं.

(सायलेन्सरचं तोंड, अगदी जवळून.)

हा पांढुरका धूर डोळ्यांना झोंबतो. गार सिलिंडरात डिझेल पुरतं जळत नाही, त्यातलं काही इथून बाहेर पडतं. पाइपच्या कडेला बोट फिरवलं की काजळी लागते, पण कोरडी नाही. ही बघा, चिकट, तेलकट. उरलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं, पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली झिरपतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. तासन् तास आयडलिंगवर उभ्या राहणाऱ्या गाडीची डिपस्टिक, ऑइल मोजायची पट्टी, म्हणूनच नुसती बघायची नाही, हुंगायचीही.

आणि हा व्होल्टमीटर. दिवे लागलेत, पंखा जोरात फिरतोय आणि दोन बॅटऱ्या रात्रभराच्या थंडीने अर्धमेल्या झाल्यात. बॅटऱ्या चार्ज करणारा ऑल्टरनेटर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. इंजिन रेंगाळलं की तोही हात आखडता घेतो.

याला उपाय काय, ते डिझेलवाल्या कोणालाही ठाऊक आहे. रेस थोडी वाढवा. आठशेचे बाराशे आरपीएम करा. पण गाडी उभी, आत कोणी नाही, मग पेडलवर पाय कोण ठेवणार?

(दृश्य बदलतं. वाफेचं जुनं इंजिन. दोन पितळी गोळे गरगर फिरताहेत.)

इथे जरा थांबू. हे चित्रण आम्हाला अनपेक्षितपणे मिळालं, आणि ते कापायला जीव होईना.

या दोन गोळ्यांकडे बघा. इंजिन वेगात आलं की ते बाहेर फेकले जातात, आणि बाहेर गेले की वाफेची झडप ओढून मिटतात. वेग उतरला की गोळे खाली येतात आणि झडप उघडते. जेम्स वॉटने हा गव्हर्नर १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला जोडला. कल्पना मुळात त्याची नव्हे, पवनचक्क्यांत ती आधीपासून होती. माणूस शेजारी उभा नसतानाही यंत्राने स्वतःचा वेग सांभाळावा, त्यासाठीची ही करामत.

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्गला नीट चाललं. त्यात इंधन ढकलायला दाबलेली हवा लागे, आणि ती दाबण्यासाठी भलामोठा कॉम्प्रेसर. असं धूड रस्त्यावरच्या गाडीत कुठे बसवणार? १९२७ मध्ये बॉशच्या कारखान्यात डिझेलचे इंजेक्शन पंप घाऊक बनू लागले आणि डिझेलला ट्रकची वाट सापडली. वॉटचे ते दोन गोळे गेले कुठे? आले पंपाच्या पोटात.

(टेबलावर उघडलेला पंप.)

हा त्याच घराण्यातला. बॉश पी ७१००, आपल्या पिकअपवर आहे तोच. हा जुना म्हणून खोलून ठेवलाय. मागच्या डब्यात ही फिरती वजनं आणि त्यांच्या स्प्रिंगा. बाहेरच्या लिव्हरने किती वेग हवा ते ठरतं, आणि तेवढा वेग आला की वजनं डिझेल कमी करतात. म्हणजे इथे लिव्हर नुसतं डिझेल सोडत नाही, ती वेग मागते. किती डिझेल लागेल ते गव्हर्नर बघून घेतो. या सगळ्यात संगणक कुठेच नाही.

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. त्याच्या स्टिअरिंगपाशी हाताची रेस असतेच. दांडी ओढली, वेग लागला, आता तो खाली उतरून मागचं अवजार बघू शकतो. इंजिन तसंच डिझेलचं असूनही पिकअपला मात्र ती दांडी मिळाली नाही.

(गॅरेज. फरशीवर केबल वेटोळी करून ठेवलेली.)

तर ही ती दांडी. हिला व्हर्नियर केबल म्हणतात, छोट्या विमानांत आणि बोटींत असते तशी. मधलं बटण दाबून नॉब ओढला की तार सरळ सरकते, बटण सोडलं की जागच्या जागी अडकते. नॉब नुसता फिरवला तर केसभर पुढे, केसभर मागे. हवा तेवढाच वेग पकडायचा तर हे केसभर सरकणंच लागतं. सायकलच्या गिअरची दांडी आणि तार लावूनही कित्येकांनी याच पंपावर भागवलंय. चालतं तेही.

डॅशबोर्डच्या खालच्या पट्टीत एक भोक. फायरवॉलला, म्हणजे केबिन आणि इंजिनामधल्या पत्र्याला, नवं भोक पाडायचं नाही. वायरी जातात त्या रबरी ग्रोमेटमधूनच केबल पलीकडे काढायची. तार घासली की आधी रबर कापतं, मग केबलचं वेष्टण. आणि वळणं मोठी ठेवायची. केबल काटकोनात वळवली की आतली तार अडते, आणि रेसची तार अडणं कोणालाच परवडणारं नाही.

खरं काम पंपापाशी केबल धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटचं. ही अॅल्युमिनियमची पट्टी या गाडीमालकाने तीनदा कापली. पहिली आखूड पडली. दुसरी दिसायला झकास होती, पण बघा, नॉब ओढल्यावर लिव्हरऐवजी पट्टीच वाकतेय. काटा हजारावर जातो आणि डुलत राहतो. तिसरी जाड पत्र्याची, दोन बोल्टांवर. ही हलत नाही. या तीन पट्ट्यांत त्याचा अख्खा दिवस गेला, आमचा पडद्यावर दीड मिनिट.

आता जोडणी. केबलचं टोक लिव्हरला घट्ट आवळायचं नाही. मध्ये ही छोटी मण्यांची साखळी. साखळीने ओढता येतं, ढकलता येत नाही. त्यामुळे पेडल दाबलं की लिव्हर पुढे जाते आणि साखळी नुसती सैल पडते. पायाच्या वाटेत हात येत नाही. मूळची स्प्रिंग होती तिथेच ठेवलीय, तिला हातही लावलेला नाही.

(कागदाची पट्टी. फक्त बोटं दिसतात.)

आणि ही त्याची परीक्षा. नॉब पूर्ण आत. लिव्हर आणि आयडलिंगच्या स्क्रूमध्ये कागदाची चिंधी ठेवायची आणि ओढून बघायची. कागद अडकला, फाटला, म्हणजे लिव्हर ठाण्यावर बसली. सहज सुटून आला तर केबल कुठेतरी ओढून धरतेय, पुन्हा सैल करा. त्याने हे सात-आठ वेळा केलं. आम्ही चारच ठेवलेत.

(शेजारी उभा असलेला फोर्ड. डॅशबोर्डखाली टॉर्चचा उजेड.)

हा २००६ सालचा फोर्ड सुपर ड्यूटी, ६.० लिटर डिझेल. याच्या पेडलला तारच नाही, पेडल नुसता व्होल्टेजचा निरोप पाठवतं. इथे हाताच्या रेसची सोय कारखान्यानेच करून ठेवलीय. डॅशबोर्डखाली ही मोकळ्या टोकांची वायरींची जुडी, रुग्णवाहिका आणि क्रेन बांधणाऱ्यांसाठी सोडलेली. स्विच लावायचा, वायरीत कोणता रेझिस्टर घालाल त्यावर वेग ठरतो. पण संगणक आधी हजेरी घेतो. हँडब्रेक ओढलाय का? गिअर पार्कमध्ये आहे का? गाडी थांबलीय ना? ब्रेकवर पाय नाही ना? ब्रेकचा दिवासुद्धा शाबूत लागतो. एक उत्तर चुकलं की रेस उतरली.

कमिन्सच्या पुढच्या, चोवीस व्हॉल्व्हच्या पिढीत तर कडाक्याच्या थंडीत इंजिन आपण होऊन रेस वाढवतं आणि सहापैकी तीनच सिलिंडर पेटवतं, म्हणजे त्या तिघांवर भार पडून ते लवकर तापतात. डोकं लावलंय, यात वाद नाही. फक्त कधी, किती आणि कोणासाठी, ते ठरवणारी व्यक्ती गाडीत बसलेली नसते.

आमची केबल काहीच विचारत नाही. म्हणून हँडब्रेक ओढायचा, गिअर न्यूट्रलला, आणि निघण्याआधी नॉब आत. विसरलात आणि क्लच सोडलात तर गाडी ब्रेकशी भांडते. बंद गॅरेजमध्ये हा खेळ करायचाच नाही. धुराचं आणि कायद्याचंही आहे. कॅलिफोर्नियात १०,००० पौंडांवरच्या व्यावसायिक डिझेल गाड्यांना पाच मिनिटांहून जास्त आयडलिंगची मुभा नाही. हा पिकअप त्या वजनाखाली बसतो.

(दुसरी पहाट. तीच गाडी, तीच जागा.)

इंजिन सुरू. एक-दोन मिनिटं काही करायचं नाही, ऑइल वरपर्यंत चढू द्यायचं. आता बटण दाबून नॉब बाहेर. काटा बघा. नऊशे. हजार. अकराशे. आता नुसतं फिरवणं, पाव फेरा, अजून पाव. बाराशे. हात बाजूला. काटा तिथेच.

हीटरचा पंखा जोरात केला. आवाज क्षणभर दबला, काटा जरासा खाली गेला आणि परत जागेवर. ते उघडलेल्या पंपातलं वजन आठवतंय? तेच हे.

व्होल्टमीटर चौदाच्या वर. पाइपातला पांढुरका धूर विरळ होतोय.

इथून पुढे काही वेळ निवेदन नाही.

(काचेवरचा बर्फ, वेग वाढवलेल्या चित्रणात. आधी जाळीपाशी एक ओला अर्धगोल. तो वर सरकतो. पापुद्रा सुटतो आणि अख्खाच्या अख्खा खाली घसरतो.)

(गाडीचा आतला भाग. नॉबपासून गिअरच्या दांडीपर्यंत बांधलेला लाल दोरा.)

हा दोरा आम्ही सांगितला नव्हता. चित्रण करताना तो दिसलाही नाही, संकलनाला बसलो तेव्हा नजरेस पडला. नॉब बाहेर असला की दोरा ताणलेला असतो आणि गिअर टाकायला जाणाऱ्या हाताला आडवा येतो. कधी बांधला, असं गाडीमालकाला फोनवर विचारलं, तर म्हणाला, पहिल्याच दिवशी, तुम्ही गेल्यावर. का, ते त्याने सांगितलं नाही. गॅरेजच्या दाराला समोरच्या बंपरच्या उंचीवर एक नवी फळी ठोकलेली आहे, ती मात्र शेवटच्या दृश्यात दिसते.

(नॉब आत. दोरा सैल. गिअर. गाडी निघते.)