एक तिथी, दोन स्मृती

(दृश्य : दीक्षाभूमीकडे चाललेली माणसं, हातात पंचशील ध्वज)

२ ऑक्टोबर २०२५. नागपुरात एकीकडे रेशीमबागेत संघाच्या शताब्दीची विजयादशमी, दुसरीकडे दीक्षाभूमीवर पांढऱ्या कपड्यांतला जनसागर. त्यात गांधी जयंती. हा नुसता योगायोग असेल का, असं मनात येतंच.

(दृश्य : भिंतीवरचं कालनिर्णय)

हा चौकोन बघा. मोठ्या आकड्यात तारीख, बारीक अक्षरांत तिथी. तारीख सूर्याच्या हिशेबानं चालते, तिथी चंद्राच्या. चांद्रवर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून मधूनमधून अधिक महिना येतो. १९ वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ नेमके बसतात, आणि तारीख-तिथीची जोडी बहुधा पुन्हा जुळते. २००६ सालचा दसराही २ ऑक्टोबरलाच होता. गांधी जयंतीचा योग आला तो असा, आकाशातल्या गणितानं.

संघ आणि धम्मदीक्षा एकाच तिथीवर आले, ते मात्र माणसांनी ठरवल्यामुळे. डॉ. हेडगेवारांनी १९२५ साली संघाच्या स्थापनेसाठी दसऱ्याचा मुहूर्त धरला. १९५६ साली बौद्ध धम्माची दीक्षा घेताना बाबासाहेबांनीही दसराच धरला, पण त्यांच्यासाठी ती अशोक विजयादशमी होती. सम्राट अशोकानं या दिवशी धम्म स्वीकारला, असं परंपरा मानते.

आता आणखी एक जोडी. हिंदू म्हणून मरणार नाही, ही बाबासाहेबांची येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. एकवीस वर्षं आणि एक दिवस! ऐकताना अंगावर काटा येतो. पण १९३५ सालचा दसरा येवल्याच्या सभेआधीच होऊन गेला होता; म्हणजे हे आकडे आपसूक जुळले. मला त्या एका दिवसापेक्षा मधली एकवीस वर्षं फार मोठी वाटतात. एवढा काळ एक माणूस धर्म तपासत राहिला, वाचत राहिला, आणि लाखो लोक त्याच्या निर्णयाची वाट पाहत राहिले.

असे आपसूक जुळणारे दिवस नागपुरात आणखीही सापडतात. इंग्रज आणि नागपूरकर भोसले यांच्यातली सीताबर्डीची लढाई पेटली २६ नोव्हेंबर १८१७ ला. संविधान स्वीकारलं गेलं २६ नोव्हेंबर १९४९ ला. या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. वर्षाला दिवसच ३६५. शोधणाऱ्याला जोड्या मिळणारच.

(दृश्य : दीक्षाभूमीचा स्तूप)

दीक्षा नागपुरातच का, याची चर्चा तेव्हाही रंगली होती. संघाचं गाव म्हणून हे शहर निवडलं, असं काही जण म्हणत होते. दुसऱ्याच दिवशी, १५ ऑक्टोबरच्या भाषणात, बाबासाहेबांनी तो तर्क खोडून काढला आणि आपलं कारण सांगितलं : बौद्ध धम्माचा प्रसार करणारे नाग लोक, आणि याच शहरातून वाहणारी नाग नदी.