जुन्या ड्रिलला नवी बॅटरी

श्रोतेहो, नमस्कार.

सांगली-मिरजेकडं सुतारकाम, फर्निचर फिटिंग किंवा लाईट फिटिंग करणाऱ्या कुणाच्याही घरी जा, माळ्यावर एक प्लॅस्टिकची पेटी सापडते. आत चार्जिंगचं ड्रिल, एक चार्जर आणि दोन बॅटऱ्या. मशीन ठणठणीत असतं, बॅटऱ्या मात्र पार बसलेल्या. आमच्या रिवायंडिंगच्या दुकानात असं मशीन आलं की आणणारा माणूस विचारतो, "याची बॅटरी आता मिळत नाही, भंगारात घालू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. घालू नका. त्या मशीनला नव्या जातीच्या बॅटरीवर चालवता येतं. फक्त नुसती बॅटरी बदलून भागत नाही. सेल, त्यांना सांभाळणारं सर्किट आणि चार्जर अशी तिन्ही एकदम बदलावी लागतात. यातलं एक जरी जुनं ठेवलं तरी काम बिघडतं, आणि कधीकधी आग लागते.

बॅटरीवर चालणारं ड्रिल ब्लॅक अँड डेकर कंपनीनं १९६१ साली बाजारात आणलं. तेव्हापासून पुढची चाळीसेक वर्षं या मशिनांत मुख्यतः निकेल-कॅडमियमचे सेल होते. २००५च्या सुमाराला मोठ्या मशिनांत लिथियम आलं आणि जुन्या बॅटऱ्या मागे पडत गेल्या. युरोपात तर २०१६च्या अखेरीला अशा हत्यारांसाठी कॅडमियमच्या बॅटऱ्या विकायलाच बंदी आली. मग जुन्या मापाची बॅटरी बनवणार कोण? म्हणून ती मिळत नाही. त्यात मशीनचा काहीच दोष नाही. उलट त्या काळातल्या चांगल्या ड्रिलमधले गिअर लोखंडी आहेत, मोटारीला करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे बदलता येतात, ड्रिलचं पातं पकडणारा चक बदलता येतो. असं यंत्र केवळ सेलपायी फेकून द्यायचं हे माझ्या मनाला पटत नाही.

जुनी बॅटरी उघडली की काय दिसतं ते सांगतो. चार-पाच स्क्रू काढले की झाकण सुटतं. आत पुठ्ठ्याच्या वेष्टणातले बुटके, जाड सेल, करंगळीपेक्षा कमी उंचीचे, एकाला एक निकेलच्या पट्टीनं जोडलेले. १८ व्होल्टच्या बॅटरीत असे १५ सेल, कारण एक सेल १.२ व्होल्टचा. त्यातल्या दोन-तीन सेलच्या टोकाशी पांढरी, चिकट भुकटी जमलेली असते. सेलच्या आतला क्षार सील फोडून बाहेर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून तशी भुकटी होते. मीटर लावला की बारा सेल बरे दिसतात आणि तीन सेल शून्यावर. सगळे एका रांगेत जोडलेले असल्यामुळं, एक बैल बसला की गाडी थांबते तसं, त्या तिघांपायी बाकीचे बारा वाया जातात. काही जण मेलेल्या सेलला मोटारसायकलच्या बॅटरीचा झटका देऊन उठवतात. तो उठतोही. पण आतली खराबी तशीच राहते आणि थोड्याच दिवसांत सेल परत बसतो. या झटक्याच्या नादाला मी कुणाला लागू देत नाही, कारण त्यात सेल फुटून क्षार डोळ्यांत उडू शकतो.

ती भुकटी उघड्या हातानं पुसू नका. कॅडमियम विषारी आहे, शरीरात गेलं की मूत्रपिंडात साठतं आणि लवकर निघत नाही. काढलेले सेल उकिरड्यावर, ओढ्यात किंवा उसाच्या बांधाला टाकू नका, जाळू तर मुळीच नका. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणं जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची नीट विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे, आणि बॅटरी घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळी देणं ही आपली. टोकांना चिकटपट्टी लावा, डब्यात ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या.

खर्चाला हात घालण्याआधी मशीन तपासून घ्या. बारा व्होल्टची गाडीची बॅटरी, दोन जाड वायरी आणि मधे एक फ्यूज, एवढ्यावर मशीन जोडून चालवून बघा. प्लस-मायनस उलटं होऊ देऊ नका. १४.४ किंवा १८ व्होल्टचं मशीन बारावर सावकाश फिरेल, पण फिरेल. कान देऊन ऐका. आवाज एकसारखा येतोय का? घरघर येत असेल तर गिअर गेलाय. मागच्या फटीतून निळ्या ठिणग्यांचं कडं दिसत असेल तर कार्बन संपलेत किंवा आर्मेचर, म्हणजे मोटारीतला तारा गुंडाळलेला फिरता भाग, खराब आहे. कार्बन बदलणं सोपं आहे. आर्मेचर जळालं असेल तर मात्र त्या मशीनवर नव्या बॅटरीचा खर्च करू नका, हे मी स्पष्टच सांगतो.

आता नवी बॅटरी. सोपा रस्ता अॅडॅप्टरचा. तुमच्याकडं एखाद्या कंपनीचं नवं १८ व्होल्टचं लिथियम मशीन असेल, तर त्याची बॅटरी जुन्या मशीनला बसवणारा प्लॅस्टिकचा तुकडा मिळतो. डीवॉल्टनं आपल्या जुन्या १८ व्होल्टच्या मशिनांसाठी असा अॅडॅप्टर स्वतःच काढला होता. डब्यावर १८ लिहिलंय की २० याचा गोंधळ करून घेऊ नका. दोन्हींत लिथियमचे तेच पाच सेल रांगेत असतात, पूर्ण भरल्यावर २१ व्होल्ट दाखवतात आणि काम करताना १८च्या आसपास असतात. मात्र १८ व्होल्टची बॅटरी १४.४ किंवा १२च्या मशीनला अॅडॅप्टरनं जोडू नका. मोटार आणि वेग कमी-जास्त करणारं बटण, दोन्ही जळू शकतात.

या अॅडॅप्टरमध्ये एक धोका आहे आणि तो सहसा कुणी सांगत नाही. लिथियमचा सेल साधारण अडीच-तीन व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नसतो. फार खाली गेला की आतलं तांबं विरघळतं आणि पुढच्या चार्जिंगला सेल आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. काही कंपन्यांच्या बॅटरीत ही राखण करणारं सर्किट बॅटरीत नसतं, नव्या मशीनमध्ये असतं. जुन्या ड्रिलमध्ये ते कुठलं? तिथं नुसता स्विच आणि मोटार. जुन्या निकेलच्या सेलला शेवटच्या थेंबापर्यंत पिळलं तरी तो सहन करायचा, म्हणून आपल्या हाताला तीच सवय आहे. लिथियमला ती चालत नाही. म्हणून अॅडॅप्टर घेताना व्होल्टेज कमी झाल्यावर आपोआप बंद होणारा आहे का, हे विचारूनच घ्या. तसा मिळाला नाही तर ड्रिलचा जोर कमी वाटला की लगेच हात थांबवा, आणि काम झाल्यावर बॅटरी अॅडॅप्टरला लावून ठेवू नका.

दुसरा रस्ता जुन्याच डब्यात नवे सेल भरण्याचा. याला कसब लागतं, पण हत्यार पहिल्यापेक्षा सरस होतं. निकेलचे १५ सेल मिळून पाऊण किलोच्या वर भरतात. त्या जागी लिथियमचे दहा सेल, पाच-पाचच्या दोन जोड्या, अर्ध्या किलोच्या आत बसतात आणि जुन्या दोन अँपिअर-अवरच्या ठिकाणी पाच मिळतात, म्हणजे बॅटरीत साठा जास्त. दिवसभर शिडीवर हात वर करून फॉल्स सीलिंगचे स्क्रू मारणाऱ्याच्या खांद्याला विचारा हा फरक. सेल बाजारात १८६५० या नावानं मिळतात, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. जुन्यांपेक्षा लांब असल्यामुळं ते डब्यात बहुतेकदा आडवे घालावे लागतात.

व्होल्टचा हिशोब १८ आणि १४.४ला अगदी चोख जुळतो. निकेलचा ताजा भरलेला सेल १.४ व्होल्ट दाखवतो. १४.४च्या मशीनमधल्या बारा सेलचे १६.८ झाले, आणि लिथियमचे चार सेल ४.२ प्रमाणं भरले की तेही १६.८. १८च्या पंधरांचे २१, पाच लिथियमचेही २१. अडचण आहे बारा व्होल्टच्या मशीनची. तीन लिथियम घातले तर जोर थोडा कमी पडतो, चार घातले तर जास्त होतो. तिथं मी लिथियमच्याच दुसऱ्या जातीचे, लिथियम आयर्न फॉस्फेटचे, चार सेल घालतो. एक सेल ३.२ व्होल्टचा, चारांचे १२.८. मशीनला ते मानवतं आणि उष्णताही हा सेल जास्त सोसतो.

सेल निवडताना अँपिअर बघा. अडकलेलं ड्रिल काही क्षण ५० अँपिअरच्या वर ओढू शकतं. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल स्वस्तात मिळतात, पण ते सावकाश करंट द्यायला केलेले असतात. ड्रिलला लावले की तापतात. पॉवर टूलसाठीचेच, सगळे एकाच मॉडेलचे, नवे सेल घ्या. बीएमएस, म्हणजे सेलची राखण करणारं सर्किट, तेही त्या ताकदीचं हवं. कमी अँपिअरचं घातलं की बटण दाबताक्षणी ते बंद पडतं, आणि मग वैतागून कुणीतरी ते काढून सरळ वायर जोडतो. तसं करून दिलेली बॅटरी घरात आणू नका. सेलवर सोल्डर लावू देऊ नका, त्या उष्णतेनं आतला पडदा खराब होतो. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगनंच जोडायची. ई-बाइकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्यांकडं हे मशीन असतं. गल्लीतला सोल्डरवाला कितीही ओळखीचा असला तरी हे काम त्याला देऊ नका.

जुना चार्जर त्याच दिवशी पेटीतून बाजूला काढा, त्याची पिन कापून टाका. निकेलचा चार्जर सेल भरल्यावर व्होल्ट किंचित उतरायची किंवा सेल तापायची वाट बघतो, काही चार्जर तर वाटही बघत नाहीत, करंट सोडतच राहतात. लिथियम ४.२ व्होल्टला थांबवावंच लागतं. तीन सेलला १२.६ व्होल्टचा चार्जर, चारला १६.८चा, पाचला २१चा. फॉस्फेटच्या चार सेलना १४.६चा.

हेच सगळं आपल्या द्राक्षवाल्यांच्या पाठीवरच्या फवारणी पंपालाही लागू आहे. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरजेकडच्या बागांतून हे पंप घरोघर आहेत. त्यात बारा व्होल्टची शिशाची बॅटरी असते, दोन किलोच्या वर वजनाची. औषधाच्या टाकीचं ओझं असतंच, त्यात हे. पंपाची मोटार मोजकेच अँपिअर ओढते, त्यामुळं इथं लिथियम बसवणं ड्रिलपेक्षा पुष्कळ सोपं आहे. पण बहुतेक ठिकाणी बॅटरी बदलतात आणि शिशाचा चार्जर तसाच ठेवतात. तो १४ व्होल्टच्या आसपास देतो. तीन लिथियमला १२.६ पुरे असतात. वरचा सगळा भार एकट्या बीएमएसवर पडतो आणि ते एकदा बिघडलं की मधे कुणी उरत नाही. रात्री गोठ्यात, कडब्याशेजारी चार्जिंगला लावलेल्या पंपाचा विचार करा. पंप सिमेंटच्या कोब्यावर, माणूस जागा असताना चार्ज करा.

उन्हाळ्यात आपल्याकडं पत्र्याच्या शेडमध्ये काय उकाडा असतो ते तुम्हाला माहीत आहे. कामावरून आलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, हाताला गार लागेपर्यंत थांबा. आणि पुराबद्दल एक सांगायलाच हवं. २०१९ला, २०२१ला कृष्णेचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा कितीतरी जणांची हत्यारं बुडाली. बुडालेलं ड्रिल खोलून, सुकवून, ग्रीस भरून चालू करता येतं. बुडालेली लिथियम बॅटरी मात्र वरून कोरडी दिसली तरी चार्ज करू नका. पाणी आतल्या जोडांना खात राहतं आणि ती नंतर कधीही पेटू शकते. तिला घराबाहेर, जळणापासून लांब ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या.

छाटणी-फवारणीचा हंगाम संपला की पंपाची किंवा ड्रिलची बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका आणि पूर्ण उतरवूनही ठेवू नका. निम्मी ठेवा, मशीनमधून काढा, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा. महिन्या-दोन महिन्यांनी मीटर लावून बघा. तीन सेलच्या बॅटरीला ११ ते साडेअकरा व्होल्ट दिसले की तशीच राहू द्या, त्याखाली गेली असेल तर थोडा वेळ चार्ज करून परत जागेवर ठेवा.

नमस्कार.