पाकिटाची मागची बाजू

मंडळी, तूरडाळीचं किलोभराचं पाकीट हातात घ्या. समोर हिरवी पानं आणि ठळक अक्षरांत ‘ऑरगॅनिक’. कुठे ‘नॅचरल’, ‘केमिकल-फ्री’, ‘गावरान’ लिहिलेलं असतं. या शब्दांवरून माल सेंद्रिय ठरत नाही. पाकीट उलटं करा.

मागे एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक दिसतो आणि बरेच जण तिथंच समाधान मानतात. तो क्रमांक साध्या बिस्किटाच्या पुड्यावरही असतो. सेंद्रिय मालासाठी ‘जैविक भारत’ हे हिरवं चिन्ह शोधा. २०१७ च्या नियमांनुसार त्याच्यामागे दोनपैकी एक व्यवस्था असावी लागते. पहिली ‘इंडिया ऑरगॅनिक’, म्हणजे अपेडा या सरकारी कृषी-निर्यात संस्थेचा एनपीओपी, अर्थात राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम. यात बाहेरची मान्यताप्राप्त संस्था शेत, नोंदवह्या आणि गोदाम तपासते. तिचं नाव आणि ‘एनपीओपी/एनएबी’ने सुरू होणारा क्रमांक वाचा.

दुसरी पीजीएस-इंडिया, म्हणजे सहभागी हमी पद्धत, कृषी मंत्रालयाची. किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. लहान शेतकऱ्याला हीच परवडते आणि तिला दुय्यम समजणं मला अन्यायाचं वाटतं. फक्त ‘पीजीएस ग्रीन’ आणि ‘पीजीएस ऑरगॅनिक’ यांत गल्लत नको. ‘ग्रीन’ म्हणजे रसायनं थांबवलीत, पण जमीन अजून रूपांतरणात, म्हणजे साध्या शेतीतून सेंद्रिय होण्याच्या वाटेवर आहे. हंगामी पिकांना साधारण दोन वर्षं लागतात, फळबागांना तीन. हा माल जरूर घ्या, पण पूर्ण सेंद्रियचा भाव देऊन नको.

तयार पदार्थात मीठ आणि पाणी सोडून निदान ९५ टक्के घटक प्रमाणित असले, तरच तो पदार्थ प्रमाणित सेंद्रिय. नाचणीच्या लाडवांच्या डब्यावर ‘सेंद्रिय गुळाचे’ लिहिलं असेल, तर ते गुळापुरतंच. नाचणीचं आणि तुपाचं काय, ते घटकांच्या यादीत बघा.

खरी गडबड सुट्या मालात होते. गोणीतली डाळ साध्या पिशवीत भरून मिळते आणि दुकानदार भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवतो. ते जवळ जाऊन वाचा: नाव कुणाचं, मुदत कधी संपते, मालाच्या यादीत तूर आहे का. एवढं जुळलं तरी ते प्रमाणपत्र त्या उत्पादकाचं झालं. समोरची गोणी त्याच्याकडूनच आली, हे त्या खेपेचं व्यवहार प्रमाणपत्र सांगतं; त्यात लॉट आणि वजन नोंदलेलं असतं. ते मागायला संकोचू नका. शिवाय सेंद्रिय माल इतर मालापासून ओळखू येईल असा वेगळा मांडणं विक्रेत्याला बंधनकारक आहे. दोन्ही गोण्यांत एकच माप फिरत असेल, तर तिथून डाळ घेऊ नका.

आठवडी बाजारात स्वतःचा माल थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या, वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. मात्र प्रमाणपत्राशिवाय ‘जैविक भारत’ चिन्ह त्याला वापरता येत नाही. तेव्हा त्याच्याकडे चिन्ह नाही म्हणून पाठ फिरवू नका. खत कुठलं घालता, शेंगा पोखरणारी अळी आली की काय फवारता, शेजारच्या फवारणीचं पाणी बांधावरून आत येतं का, हे विचारा. जो खरंच सेंद्रिय शेती करतो, त्याच्याकडे या तिन्ही प्रश्नांची तपशीलवार उत्तरं असतात.