आभाळ आलं की काळं रान नको

[पहाट. खेड तालुका, चाकणच्या पुढचं रिकामं शेत. वाघरीत, म्हणजे खुंट्यांवर ताणलेल्या जाळीच्या कुंपणात, दाटीनं बसलेली मेंढरं, बाजूला दोन घोड्या आणि एक शिंगरू.]

थंडी पडली की सारसबागेतल्या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी चढते, वर्तमानपत्रात फोटो येतो आणि पुण्याचा हिवाळा रीतसर सुरू होतो. मेंढरांचं उलटं आहे. पावसाळा सरला की दसरा-दिवाळीच्या सुमाराला त्यांची लोकर कातरतात. त्यामुळे ऐन डिसेंबरात दख्खनी मेंढीच्या अंगावर लोकर नुकती कुठे पुन्हा वाढायला लागलेली असते.

इथे बर्फ पडत नाही. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून जुने पुणेकर शिवाजीनगरच्या त्या चौकाला अजून सिमला ऑफिसच म्हणतात. पुण्यात नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान १.७ अंश, तेही जानेवारी १९३५ मध्ये. एरवी डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दहा-बारा अंशांच्या, कधी सात-आठच्या. दुपारी मात्र डोक्यावर टॉवेल घ्यावा लागतो.

तिकडे लडाखच्या चांगथांग पठारावर रात्री पारा उणे तीसच्याही खाली जातो. तिथले चांगपा पशुपालक पश्मिना शेळ्या, मेंढ्या, याक आणि घोडी घेऊन तो हिवाळा काढतात. थंडी जिथे सर्वांत जास्त तिथेच जनावरं सर्वांत जास्त मरत असतील, असं आपण गृहीत धरतो. तसं होतंच असं नाही.

[संग्रहित दृश्य: बर्फात उभी केसाळ तट्टं, पाठीवर बर्फाचा थर.]

या तट्टाच्या पाठीकडे बघा. बर्फ साठलाय, पण वितळत नाहीये. राखणाऱ्याला हे बघून बरं वाटतं, कारण आतली ऊब केसांच्या थराबाहेर पडत नाही याचीच ती खूण आहे. हिवाळी केस नीट वाढलेला, पोट भरलेला आणि अंग कोरडं असलेला घोडा उणे पंधरा अंशांपर्यंत झूल न घालता तग धरतो. बर्फाळ प्रदेशातली काळजी वेगळीच असते. गवत बर्फाखाली गाडलं जातं. खुराच्या तळव्यात बर्फाचे गोळे अडकतात आणि जनावर घसरतं. हौदाचं पाणी गोठतं. घोड्याला दिवसाला वीस ते चाळीस लिटर पाणी लागतं, आणि बर्फासारखं गार पाणी तो पोटभर पीत नाही. पाणी कमी आणि सुका चारा जास्त झाला की आतड्यात चारा अडकून पोटशूळ उठतो. म्हणून तिकडे सकाळचं पहिलं काम म्हणजे हौदावरचा बर्फ फोडणं.

इथे फोडायला बर्फ नाही. इथला वैरी पाऊस.

[काळा पडदा. पावसाचा आवाज.]

१ डिसेंबर २०२१. पुणे जिल्ह्यात अवकाळी पाऊस सुरू झाला तो थांबेना. सोबत बोचरा वारा. शिरूर, जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात उघड्या रानावर मुक्कामाला असलेल्या वाड्यांमध्ये, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या बिऱ्हाडांमध्ये, शेकडो मेंढ्या दगावल्या. पारा शून्याच्या जवळपासही गेला नव्हता.

कारण समजायला अवघड नाही. कोरड्या लोकरीत हवा अडकून बसते आणि तीच मेंढीचं पांघरूण. लोकर भिजली की हवेची जागा पाणी घेतं, आणि पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगानं ओढून नेतं. वर वारा. खाली चिखल, म्हणजे बसायला जागा नाही. मेंढी रात्रभर उभी. त्यात दिवसभर पावसामुळे चरायला जाता आलं नसेल तर पोट रिकामं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा आंबत असतो आणि त्यातून ऊब तयार होत असते. पोट रिकामं म्हणजे ती चूलही विझलेली. गाभण आणि नुकत्या व्यायलेल्या मेंढ्या आधी कोसळतात.

[दिवस उजाडतो. वाड्यावरच्या आजी कोकरांवरचं डालगं उचलतात.]

मेंढ्या विण्याचा एक मोठा हंगाम नेमका याच दिवसांत येतो. दिवाळीनंतर पारनेर, शिरूरकडचे वाडे घाटाच्या दिशेनं सरकायला लागतात, पुढे काही थेट कोकणात उतरतात, आणि कोकरं वाटेवरच जन्मतात. ओलं कोकरू जमिनीवर पडलं की घड्याळ सुरू. जन्मतः त्याच्या अंगात एक खास चरबी असते, ती जाळूनच ते ऊब धरतं. ही शिदोरी साधारण पाच तास पुरते. तेवढ्यात पोटात चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दूध, गेला पाहिजे.

आजींचा हात या कामात इतका सरावलेला आहे की कॅमेऱ्याला तो पकडणं अवघड गेलं. नाकातोंडातला चिकटा काढला, बेंबीला औषध लावलं, कोकरू आईच्या तोंडापुढे ठेवलं. चाटू द्यायचं. चाटण्यानं ते सुकतं आणि आई त्याला ओळखायला लागते. मग सडाची पहिली धार बाहेर पिळून टाकायची आणि कोकराला सडाला लावायचं. अडीच-तीन किलोच्या कोकराला एका वेळी सव्वाशे ते दीडशे मिली चीक पुरतो.

एखादं कोकरू गारठून लुळं पडलेलं सापडतं. अशा वेळी घाईनं तोंडात दूध ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं. आजी आधी त्याच्या तोंडात बोट घालतात. तोंड गार आणि चोखायची हालचाल नाही, तर दूध नाही. घोंगडीत गुंडाळून, चुलीपासून हातभर लांब, आधी ऊब. मान धरायला लागलं की मग चीक. आम्ही एका पशुवैद्यकांना विचारलं, त्यांनीही क्रम हाच सांगितला. फक्त ते थर्मामीटर लावतात: मेंढीचं तापमान ३९ अंशांच्या आसपास हवं, कोकराचं ३७ च्या खाली गेलं की धोका.

[घोडीवर बिऱ्हाड लादलं जातं. भांडी, ताडपत्री, वाघर, कोंबड्या. वरून डोकावणारी दोन कोकरं.]

घोडीशिवाय वाडा हलत नाही. पुरुष मेंढरं घेऊन चरत पुढे जातात, बायका घोड्या हाकत रस्त्यानं पुढच्या मुक्कामाला पोचतात. हिवाळ्यात घोडीचा त्रास दुपारपासून सुरू होतो. उन्हात ओझ्याखाली पाठ घामानं भिजते, मुक्कामावर ओझं उतरतं आणि तासाभरात गारवा पडतो. म्हणून ओझं काढलं की गोणपाटानं पाठ खसाखसा चोळायची, घोडीला मातीत लोळू द्यायचं, आणि खोगिराखालचं कापड ओलं असेल तर दुसऱ्या दिवशी तेच घालायचं नाही. त्यानं पाठ लागते, म्हणजे सोलवटते. रात्री कडबा थोडा जास्त. धान्यापेक्षा कडबा पचताना ऊब जास्त देतो.

आता राहिला आडोशाचा प्रश्न. सगळीकडून ताडपत्री बांधून जनावरं कोंडणं हा शहरी सल्ला आहे. आत मुताची वाफ कोंडते, दमटपणा वाढतो आणि फुफ्फुसदाह होतो. आडोसा वाऱ्याच्या बाजूला हवा, वरून हवा खेळती हवी. या भागात उत्तम आडोसा म्हणजे ऊस. पण खेड-जुन्नरच्या उसात बिबट्या राहतो. उसाला खेटून वाडा लावला तर वारा लागत नाही, झोप मात्र लागत नाही. म्हणून वाडा मोकळ्यावर, आणि मेंढपाळ वाघरीला टेकून, कुत्र्यांसकट, बाहेरच.

२०२१ च्या पावसानंतर पंचनामे झाले. आपत्ती मदतीच्या केंद्रीय निकषांत तेव्हा मेंढीमागे ३,००० रुपये होते, २०२२ पासून ४,०००, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त ३० लहान जनावरांपर्यंत. निकष गोठ्यातली दोन शेरडं डोळ्यांपुढे ठेवून लिहिलाय, असं मला तरी वाटतं. फिरत्या वाड्यात शे-दोनशे मेंढ्या असतात आणि मेंढपाळ स्वतःच्या तालुक्याबाहेर असतो. मेलेलं जनावर पशुवैद्यकानं बघेपर्यंत तिथंच थांबायचं की जिवंत असलेली पुढे न्यायची, हे त्याला चिखलात उभं राहून ठरवावं लागतं. १९६२ या क्रमांकावर फिरता पशुवैद्यकीय दवाखाना बोलावता येतो, एवढी सोय आता आहे.

[संध्याकाळ. ढग. शेतकरी आणि आजी बांधावर बोलताहेत.]

शेतात मेंढरं बसवण्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो, बदल्यात लेंडीखत मिळतं. हे शेत दोन भागांचं आहे: खाली काळी कसदार जमीन, वर मुरमाड उतार. शेतकऱ्याला खत खाली हवंय, तिथे पुढे कांदा लावायचाय.

"काळ्या रानात बसवा की मावशी, ठरलं तसं."

"ठरलं तवा आभाळ नव्हतं, दादा. काळ्या रानात पानी मुरत न्हाई. पाऊस आला तर गुडघाभर चिखुल. माझी निम्मी मेंढरं याया लागल्याती."

फोनवर उद्याचा अंदाज बघितला जातो. तुरळक सरी. शेतकरी वैतागतो, पण मुद्दा त्याला कळतो. शेवटी ठरतं ते असं: भाकड मेंढ्या आणि एडके आज खाली, गाभण, व्यायलेल्या, कोकरं आणि घोड्या वर मुरमावर. आभाळ फाटलं तर सगळेच वर. पाऊस न येता रात्र गेली तर एक मुक्काम वाढवून द्यायचा, धान्य तेवढंच.

आजी वाघरीच्या खुंट्या उपटून वर न्यायला सांगतात.